मशीन लागलेल्या माणसाला एकटं सोडत नाहीत

“दुखतं का हो ते?” हा लोकांचा पहिला प्रश्न. “मिळतं कुठं?” हा दुसरा. तिसरा ओठावर येतो आणि चहाच्या घोटाबरोबर परत खाली जातो. तो म्हणजे, “तुम्ही एकट्याच राहता?”

पहिल्याचं उत्तर: पोटात सुई जाताना दुखतं, मुंगळा चावल्यावर दुखतं तेवढं. सुई लगेच काढून घेतात, आत केसाएवढी तार राहते. मग दुखत नाही, नुसतं खाजतं. दुसऱ्याचं उत्तर पुढं येईल. तिसऱ्याचं उत्तर, हो. हिंगणघाटला दोन खोल्यांत राहते, मुलींच्या शाळेत गणित शिकवते, आणि बारावीत असल्यापासून इन्सुलिनच्या सुईवर जगते.

पोटाला तार लावून साखर मोजणाऱ्या त्या यंत्राबद्दल मला इतके लोक विचारतात की एकदाचं लिहून टाकावं म्हटलं. पण ते लिहायचं तर शेजारच्या शेवंताबाईंबद्दल लिहावं लागतं. त्यांच्या दाराला सध्या कुलूप आहे. त्या लेकीकडे पवनारला गेल्यात, आणि परत कधी येणार ते सांगून गेल्या नाहीत.

संत्रं

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही सेलूचे. बाबांचं किराण्याचं दुकान, मागं घर. त्या हिवाळ्यात मला तहान लागायला लागली. साधी तहान नव्हे, मी उभ्याउभ्या माठ रिकामा करायची. आई म्हणायची, “पोटात विहीर खोदून राह्यली का व?” सगळे हसायचे, मीही हसायची. कपडे ढगळ व्हायला लागले तेव्हा आत्या म्हणाली, अभ्यासाचं टेन्शन. बारावीचं वर्ष म्हणजे सगळ्या दुखण्यांना एकच नाव.

पूर्वपरीक्षेत पेपर लिहिता लिहिता मी बाकावरून खाली गेले. जीपमध्ये घालून वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं ते मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा हाताला सलाईन, आणि आई खाटेच्या दांडीला धरून उभी. रडून रडून तिचं नाक लाल झालेलं.

डॉक्टर तरुण होता. म्हणाला, हा आजार जन्मभराचा आहे, रोज सुई घ्यावी लागेल, पण नीट सांभाळलं तर सगळं करता येईल. बाबांनी एकच विचारलं, “अन् लग्नाचं काय?”

डॉक्टरनं खिडकीबाहेर पाहिलं. मला आपलं वाटत होतं की कुणीतरी विचारावं, भात कधीच मिळणार नाही का? पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की माझ्याबद्दल बोलणं चाललेलं असताना मी तिथं नसले तरी चालतं.

दवाखान्याची सकाळ लघवीनं सुरू व्हायची. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, आणि ती नळी दिव्यावर उकळायची. निळं राहिलं तर शाबास, हिरवं झालं तर ठीक, विटेसारखं झालं तर नर्सबाई नुसती चुकचुकायची. माझ्या नळीत रोज वीटभट्टी. शेजारच्या खाटेवरची म्हातारी विचारायची, “आज कोन्ता रंग निंगाला व?” होळी असल्यासारखं.

सुई टोचायला शिकवलं ते संत्र्यावर. नर्सबाईनं एक संत्रं आणि काचेची सिरिंज माझ्या हातात दिली. म्हणाली, “हे तुह्यं पोट समज. भीऊ नको, हे ओरडत नाई.” वॉर्डात भेटायला येणारा प्रत्येकजण संत्री घेऊन येई. सगळ्या खाटांखाली पिशव्या, आणि मला त्यातली एक फोड खायची बंदी. मी दिवसभर संत्र्याला टोचत बसायची. सुट्टी मिळताना नर्सबाईनं तेच भोकं पडलेलं संत्रं सोलून दोन फोडी माझ्या तोंडात घातल्या. “डाक्टरले सांगू नको,” म्हणाली. इतकी गोड गोष्ट मी त्यानंतर खाल्ली नाही.

घरी येताना जीपमध्ये बाबा म्हणाले, “कोणाले सांगजो नको.” तेवढंच.

तू राहू दे

न सांगणं हे सोपं काम नाही. सिरिंज उकळायची तर स्वयंपाकघर रिकामं झाल्यावर. फ्रीज नव्हता, म्हणून इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात, आणि मडकं दुकानामागच्या खोलीत, जिथं गुळाच्या भेल्या ठेवायचे. गुळात बसून साखरेची सुई घ्यायची. देवाला विनोद कळतो बरं. पाहुण्यांना सांगायचं, पोरीला पित्ताचा त्रास आहे. जेवण माझं वेळेवर आणि बेताचं, म्हणजे पंगतीत बसायची सोय गेली. मी तिथंच, भेल्यांकडे तोंड करून, जेवायला लागले.

एकदा आत्यानं विचारलं, हे औषध बनते कायचं? माझा मोठा भाऊ तेव्हा सायन्स कॉलेजात शिकत होता. त्यानं फुशारकीनं सांगून टाकलं, गुरांच्या पोटातून काढतात. तेव्हा तसंच मिळायचं. आत्यानं तेव्हा विषय बदलला. पण त्या वर्षी महालक्ष्म्या बसल्या तेव्हा मी सोळा भाज्या चिरायला विळीकडे गेले तर म्हणाली, “तू राहू दे.” पुढच्या वर्षी आंबील ढवळायला गेले, तेव्हाही, “तू राहू दे.” रागावून नाही, प्रेमानंच. कुणी रागावलं असतं तर मी भांडले असते. मी भांडखोर आहे, शाळेत विचारा. पण “तू राहू दे”शी कसं भांडणार?

धाकट्या मंदाचं लग्न माझ्या आधी झालं. लोकांना जे समजायचं ते समजलं. आमच्याकडे हळद लागली की नवरीला एकटं सोडत नाहीत. बाहेरचं काही लागू नये म्हणून हातात अडकित्ता देतात, आणि मोरीपर्यंत जायचं तरी सोबत कुणीतरी. मंदा वैतागली होती. मला म्हणाली, “ताई, जीव आला व नाकात, घडीभर कोनी एकटं सोडून नाई राह्यलं.” मी हसले आणि सुईची वेळ झाली म्हणून गुळाच्या खोलीत गेले. बाहेर बायका गाणी म्हणत होत्या. माझ्याजवळ कुणी नव्हतं, आणि मी कुठं गेले हे कुणी विचारलंही नाही. मला मंदाचा इतका हेवा वाटला की सुई वाकडी गेली.

फळ्यासमोर

बी.एड. केलं, नोकरी लागली, आणि मी हिंगणघाटला खोल्या घेतल्या. घरच्यांनी दोनदा “कशाला” म्हटलं आणि तिसऱ्यांदा सामान टेम्पोत भरून दिलं.

खोल्यांचं दार एका अंगणात, आणि अंगणापलीकडे शेवंताबाई. नवरा जाऊन वर्षं झालेली, लेक पवनारला दिलेली. उमेदीची सगळी वर्षं जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, गेलेली. आवाज असा की अंगणातून बोलल्या तर रस्त्यावरचा माणूस ओ देईल. त्या मला “बाई” म्हणायच्या, मी त्यांना “मावशी”. आमचं बोलणं म्हणजे नळ आला का, सांभार, म्हणजे कोथिंबीर, पायजे का, एवढंच. मीच पुढं जाऊ दिलं नाही. कुणी जवळ आलं की विचारतं, विचारलं की सांगावं लागतं.

आता आजाराचं एक सांगते, पुस्तकी नाही. सुईवर जगणाऱ्याला जास्त साखरेपेक्षा कमी साखरेची भीती मोठी. साखर उतरली की पूर्वी मला घाम फुटायचा, हात थरथरायचे. तेवढ्यात खडीसाखर तोंडात टाकली की निभायचं. वर्षं गेली तशी ही सूचना यायचीच बंद झाली. आग लागलेली, आणि घंटा वाजवणारा झोपलेला.

एका सकाळी पहिल्याच तासाला मी फळ्यावर त्रिकोण काढत होते. पुढं काय झालं ते मुलींनी सांगितलं. म्हणे मी त्रिकोणाच्या तिसऱ्या बाजूऐवजी फळ्याच्या कडेपर्यंत रेघ ओढत नेली, मग भिंतीवर, आणि मग खाली बसले. एका मुलीच्या डब्यात साखरांबा होता म्हणून वाचले.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी असं पुन्हा दोनदा झालं. एकदा दिवेलागणीला माझ्याच दारात, तेव्हा शेवंताबाईंनी ओरडून अंगण गोळा केलं. मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं: डॉक्टरचं पत्र आणा की हे पुन्हा होणार नाही, नाहीतर वर्गावर कसं पाठवू?

दादा आला. तोच, सायन्सचा. आता दुकान तोच पाहत होता. म्हणाला, “सुमे, चाल घरी. हट्ट पुरे झाला. दुकानामागची खोली रिकामी करून देतो, पंखा लावतो, रंग मारतो. तुले काई कमी पडू देनार नाई.”

मनापासून म्हणाला हो. म्हणूनच नाही म्हणणं अवघड. ती खोली मला पाठ होती. गुळाचा वास भिंतीत मुरला असणार, रंगानं जाणार नाही. एकदा त्या खोलीत गेले की मी तिथूनच उचलली जाणार हे मला दिसत होतं. म्हटलं, “दादा, मी नागपूरच्या डॉक्टरला दाखवते. कारण सापडलं तर इथंच राहीन. नाई सापडलं तर येते.”

मिळतं कुठं

नागपूरच्या डॉक्टरांकडे ते यंत्र होतं. तेव्हा ते नवीनच आलेलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट, आमच्या जिल्ह्यात कुणी नावही ऐकलं नव्हतं. यंत्र एकच आणि पेशंट पुष्कळ, म्हणजे नंबर लावायचा. यंत्र परत द्यायचं असतं, पण पोटातली तार ज्याची त्याला नवी. ती मुंबईहून मागवायची, थंड डब्यात येते, आणि मुदतीत वापरली नाही तर वाया. किंमत ऐकून दादा म्हणाला, “एवढ्यात दुभती म्हैस येते.” मी म्हटलं, “म्हैस माझी साखर सांगणार हाये का?”

पहिली तार आली ती ऐन वैशाखात. डबा कुठल्याशा गोदामात उन्हात पडून राहिला, आतला बर्फ कधीच पाणी झालेला. डॉक्टरांनी डबा उघडून हात लावून पाहिला आणि बंद केला. पुन्हा मागवा, पुन्हा थांबा. त्या दिवशी बसस्टँडवर बसून मी ढसाढसा रडले. एक बाई उसाचा रस पुढं करून म्हणाली, “पे व माय, बरं वाटन.” मी नाही म्हटलं तर तिला राग आला. कुणाकुणाला काय समजावून सांगणार?

जून सरता सरता दुसरी तार आली, थंडगार. पोटावर, बेंबीपासून चार बोटं बाजूला, डॉक्टरांनी ती टोचली, वर चिकटपट्टी लावली आणि वायर एका डबीला जोडली. डबी पेजरएवढी, कमरेला अडकवायची.

मी विचारलं, “यावर दिसेल ना मला, साखर किती ते?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “हे मुकं आहे. फक्त टिपून ठेवतं. तीन दिवसांनी इथं कॉम्प्युटरला जोडलं की बोलेल.” बोट टोचून साखर पाहायची ती रोजच्यासारखी आणि तो आकडा डबीत भरायचा. सुई घेतली की एक बटण, जेवलं की दुसरं. आंघोळीला प्लास्टिकची पिशवी, शक्यतो भिजवायचंच नाही. “आणि एक लक्षात ठेवा, अगदी रोजच्यासारखं राहा. मुद्दाम काही करू नका. तुमचा रोजचा दिवस मला बघायचा आहे.”

बसमध्ये साडीतून वायर बाहेर आली तेव्हा कंडक्टरनं तीनदा वळून पाहिलं. शेवटी माझ्या शेजारची सीट रिकामीच राहिली. गर्दीच्या बसमध्ये, जाम गावाच्या थांब्यापर्यंत. मी खिडकीतून ओल्या शेतांकडे बघत बसले. तशी सवय होती मला.

हळद

अंगणात पाय ठेवला तोच शेवंताबाई. त्यांना वायर आधी दिसली, मी नंतर.

“हे काय लावलं व बाई?”

दारात पडले त्या दिवसापासून त्यांना आजार माहीत होता, म्हणून सांगितलं. साखर मोजायची मशीन, तार पोटात आहे, नागपूरच्या डॉक्टरनं लावली.

“काढाची कवा?”

“तीन दिवसांनी.”

“तवरोक भिजवाची नाई?”

“नाई.”

“लय हिंडाचं-फिराचं?”

“जपून म्हणाले.”

शेवंताबाईंनी कंबरेवर हात ठेवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मंग हे त हळदीसारखंच झालं,” त्या म्हणाल्या. “अंगाले काई लागलं म्हंजे उतरेलोक माणसाले एकटं सोडत नाई. तुह्या माय-बहिनी कोनी येऊन राह्यले का?”

“नाई.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, झालं.

हातपाय धुऊन सुई घेतली, बटण दाबलं, तर दारात शेवंताबाई. एका हातात ताट, त्यात ज्वारीच्या भाकरी, बेसन, हिरव्या मिरचीचा ठेचा. दुसऱ्या हातात अडकित्ता.

“हे धर.”

“मावशी, हे कायले?”

“लोखंड जवळ असू दे.”

“अहो, पोटात तारच हाये की!”

“ते डाक्टरचं लोखंड. हे माह्यं.” अडकित्ता त्यांनी माझ्या हातात दिला आणि मूठ बंद केली. “जेवाले मी इथंच येत जातो. माही भाकर माह्यापाशी. तुह्या मोजूनमापून जेवणात माह्या दाताच्या फटी नाई भरत.”

मला रडू आलं. का आलं ते सांगू नये असं वाटत होतं, पण सांगते. मी तिशी ओलांडलेली बाई. माझ्या हातात कुणी अडकित्ता देईल ही आशा मी गुळाच्या खोलीत सोडून आले होते. आणि तो आला तो असा, पोटात वायर असताना, ठेच्याच्या वासात. मी कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांचं काय ते कांद्यावर जाईल.

दुसऱ्या दिवशी मात्र मी वैतागले. भिडस्त नाही मी. म्हटलं, “मावशी, डॉक्टरनं रोजच्यासारखं राहाले सांगतलं. तुम्ही येऊन बसल्या तर रोजच्यासारखं कसं होईन?”

“मंग राह्य न रोजच्यासारखी! मी काय तुह्या तोंडात कोंबून राह्यली का?” आणि लगेच, “सुई झाली का? चाल, भाकर निवून राह्यली.”

भुकेच्या बाबतीत त्या अजिबात थांबणाऱ्या नव्हत्या. माझी सुई झाली की त्यांचं ताट जमिनीवर वाजायचं. मी वह्या तपासते म्हटलं तर, “वह्या का पळून जाते?” कपडे वाळत घालते म्हटलं तर, “ते उपाशी नाई मरत.” सकाळी तेच, संध्याकाळी तेच. मध्येच डबी बीप करायची, आकडा भरा म्हणून. शेवंताबाई घास थांबवून सांगायच्या, “पाह्य, बोलावते तुले.” जेवताना त्या जिनिंगच्या गोष्टी सांगायच्या. केसांत कापूस अडकून विशीतल्या पोरी म्हाताऱ्या दिसायच्या, आणि एका मुकादमाला यांनी कसं सरकीच्या ढिगात बसवलं. मी इतकी हसले की वायर ओढली गेली आणि दोघी घाबरलो.

तीन दिवस असे गेले. मी कितीतरी वर्षांत एवढं बोलले नव्हते.

रेघ

यंत्र काढायला दादा बरोबर आला. तार निघाली, डबी कॉम्प्युटरला जोडली, आणि पडद्यावर माझी रेघ आली. मला वाटलं होतं डोंगरदऱ्या दिसतील. रेघ शेतातल्या पायवाटेसारखी, थोडी वर, थोडी खाली, पण कुठंही खड्डा नाही.

डॉक्टरांनी रेघ पुढं-मागं सरकवून पाहिली. “साखर कुठंच उतरलेली नाही.”

“म्हंजे मशीन फुकट गेली?” दादा म्हणाला.

कारण सापडलं नाही तर घरी जायचं, हा माझाच शब्द होता.

डॉक्टरांनी रेघेवरच्या खुणांवर बोट ठेवलं. “ही तुमची सुई. हे जेवण. सकाळ-संध्याकाळ, सगळे दिवस, सुईनंतर वेळेवर ताट. रोज असंच असतं?”

“नाही हो,” मी म्हटलं. “शेजारच्या बाई ताट घेऊन बसायच्या. त्यांना भूक धरवत नाही. उशीर करायची सोयच नव्हती.”

“आणि एरवी?”

“एरवी...” मी म्हटलं. एरवी सुई घेते. मग वाटतं, एकटीसाठी काय ताट वाढायचं. मग वह्या, मग कपडे. मग भाकरीचा तुकडा उभ्याउभ्या, कधी चहाबरोबर टोस्ट, कधी राहूनच जातं. डॉक्टर दर वेळी विचारायचे, जेवता ना? मी म्हणायची, जेवते. मला खरंच वाटायचं त्याला जेवणंच म्हणतात. हे सगळं मी त्यांना सांगितलं. दादा ऐकत होता म्हणून सांगणं जास्त जड गेलं.

डॉक्टर पेन खाली ठेवून म्हणाले, “मी डोस देतोय तो जेवणाऱ्या माणसाचा. शाळेसाठी पत्र मी देतो. पण सुई झाली की कुणासमोर तरी बसून जेवायचं. हा औषधाचाच भाग धरा. महिनाभर रोज नीट जेवलात तर शरीर पुन्हा सूचना द्यायला लागेल, बहुतेकांना लागतं.”

दादा लगेच म्हणाला, “मी तेच तं म्हनून राह्यलो न! घरी चाल. घरी मानसंच मानसं हायेत.”

“घरी मी कोणासमोर जेवायची, दादा?” मी विचारलं.

मी भांडायला विचारलं नव्हतं. खरंच आठवत होते, की त्या घरात कुणी कधी माझ्यासमोर बसून जेवलं का. दादाही आठवत असावा. मग तो पत्र घ्यायला बाहेर गेला. येताना डोळे पुसून आला. मला थेट हिंगणघाटला सोडलं आणि खोलीचा विषय पुन्हा काढला नाही.

ज्यांना हे लागलंय त्यांच्यासाठी

यंत्र लावून घ्या, मिळालं तर जरूर घ्या. तार उन्हात राहू देऊ नका. ढगळ झंपर घाला. कुणी “हे काय” विचारलं तर सांगून टाका. मी पंधराएक वर्षं लपवलं, काही पदरात पडलं नाही. आणि जेवताना कुणीतरी समोर असू द्या. शेवंताबाई पवनारला गेल्यापासून मी ताट घेऊन घरमालकिणीच्या ओट्यावर जाते. तिथं टीव्ही चालू असतो, माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही. जाताना रोज लाज वाटते. तरी जाते.

हे जायचं मी कुठं शिकले ते सांगून थांबते.

नागपूरहून आले त्या संध्याकाळी शेवंताबाई अंगण झाडत होत्या. माझ्या कमरेकडे पाहून म्हणाल्या, “सुटली का मशीन? बरं झालं बापा. मोकळी झाली तू.” मी अडकित्ता परत दिला. त्यांनी तो कमरेला खोचला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. हळद उतरली, त्यांचं काम संपलं.

मी भाकर टाकली, भाजी केली, सुई घेतली. ताट वाढलं. समोरची फरशी रिकामी. अंगणापलीकडे दहा पावलांवर एक दार, आणि मला “या” म्हणता येईना. ज्याला “तू राहू दे” ऐकायची सवय लागते तो कुणी म्हणायच्या आधीच राहू देतो. सुई आत गेलेली होती. भाकर निवत होती. मी वह्यांकडे हात नेला.

मग हात मागं घेतला, ताट उचललं आणि अंगण ओलांडलं. दार पायानंच ढकललं.

शेवंताबाई चुलीपाशी उभ्या होत्या. हातात शिळ्या भाकरीचा तुकडा, वर चिमूटभर मीठ. ताट नाही, काही नाही. उभ्याउभ्या. मला पाहून त्यांनी तुकडा पदराआड केला.

“भूक नाई लागली आज,” त्या म्हणाल्या.

“मावशी,” मी म्हटलं, “मशीन सुटली. पण डॉक्टर म्हणते, हळद नाई उतरली अजून.”

“डाक्टर असा म्हनला?”

“म्हनला.”

“सुई घेतली का?”

“घेतली.”

शेवंताबाईंनी फळीवरचं ताट काढलं, पदरानं पुसलं, आणि माझ्यावर डाफरल्या, “मंग उभी काऊन राह्यली? बस न लवकर!”